उंबऱ्यावरचा पाय

"गाडी मुख्यतः कोण चालवतं, सर?" सर्व्हिस सेंटरच्या काउंटरपलीकडच्या तरुणाने विचारले आणि मी क्षणभरही न थांबता सांगून टाकले, "बाबा चालवतात बऱ्याचदा." त्याने मान डोलावली, संगणकावर काहीतरी टिपले आणि अतिशय नम्र आवाजात समजावले की क्लच हा झिजणारा भाग असल्यामुळे तो वॉरंटीत बसत नाही, बावीस हजार किलोमीटरला तो गेला म्हणजे चालवण्याच्या सवयीचा प्रश्न आहे, आणि वयस्कर माणसांच्या बाबतीत असे पुष्कळदा होते. बाबा माझ्या मागे दोन पावलांवर उभे होते. हातात घडी घातलेली छत्री, खिशात चष्म्याची डबी. त्यांना ऐकू आले नसेल अशी आशा धरून मी वळून पाहिले. ते समोरच्या काचेपलीकडे लिफ्टवर चढवलेल्या एका गाडीच्या पोटाकडे बघत होते. घरी आल्यावर त्यांनी स्वतःजवळची किल्ली दाराशेजारच्या खुंटीला अडकवली आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती तिथून हलली नाही.

माझे बाबा तीस वर्षे एसटीत चालक होते.

हे वाक्य मी काउंटरवर का उच्चारले नाही, याचे उत्तर शोधताना मला त्याआधीच्या पंधरवड्यापर्यंत मागे जावे लागते. एका रविवारी मंडईतून परतल्यावर बाबा म्हणाले होते, "क्लच फार वर आलाय रे. पाय जवळजवळ सगळा उचलावा लागतो, तेव्हा गाडी पकडते." मी लॅपटॉपमध्ये डोके घालून बसलो होतो. "बाबा, नवी गाडी आहे. तुमच्या एसटीसारखी नसते ती," असे म्हणून मी विषय संपवला. ते वाद घालत नाहीत. संध्याकाळी मात्र त्यांनी मला खाली पार्किंगमध्ये नेले, हँडब्रेक पूर्ण ओढला, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाकली, किंचित ॲक्सिलरेटर दिला आणि क्लच सावकाश सोडून दिला. पाय पूर्ण वर आला तरी इंजिन आपले गुरगुरतच राहिले. "बंद पडायला हवी होती," ते म्हणाले. "धडधाकट क्लच असता तर आत्ता झटका देऊन बंद पडली असती. प्लेट धरत नाही, घसरतेय." मी हो म्हटले आणि पुढच्या महिन्यात दाखवू असे ठरवून विसरून गेलो. चारच दिवसांनी, ऑफिसला जाताना चांदणी चौकाच्या चढावर मी ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा इंजिनाचा आवाज टिपेला गेला, काटा चार हजारांवर चढला आणि गाडी मात्र सायकलच्या वेगाने सरकत राहिली. मागून हॉर्न वाजत होते. मग तो वास आला.

क्लच जळाल्याचा वास एकदा नाकात गेला की जन्मभर विसरत नाही. त्यात जळक्या कागदाचा उग्रपणा असतो, तापलेल्या बेकेलाइटच्या स्विचचा घशाशी येणारा कडवटपणा असतो आणि तळाशी लोखंडाची चव असते. जुन्या खंडाळा घाटात मे महिन्यात पर्यटकांच्या गाड्या अडकल्या की तो वास वळणावळणावर रेंगाळत असे. खंबाटकीत अजूनही येतो. माझ्या लहानपणी मात्र मला तो आला तो नेहमी बाहेरून, दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीतून. बाबांच्या गाडीत डिझेलचा, ओल्या ताडपत्रीचा, कोंबड्यांच्या खुराड्याचा आणि उलटीवर टाकलेल्या मातीचा वास असे. क्लचचा कधीच नसे.

बाबा तेव्हा भोर-महाड मार्गावर होते. सुट्टीत ते मला मुक्कामी गाडीला बरोबर नेत. रात्र महाडला काढायची आणि पहाटे वरंध घाट चढून देशावर यायचे. इंजिनाचा बॉनेट तेव्हा चालकाच्या शेजारी केबिनमध्येच असे. त्यावर रजईचा तुकडा अंथरून मला बसवले जाई आणि खालून येणारी धग मांड्यांना जाणवत राही. तिथून मला रस्त्यापेक्षा बाबांचे पाय जास्त दिसत. जाड तळव्याची चामडी वहाण, खाकी पँटची वर दुमडलेली कड, आणि तो डावा पाय. त्या गाड्यांना गिअर बदलताना डबल क्लच मारावा लागे: एकदा दाबून न्यूट्रल, सोडून इंजिनाला थोडी चाल, पुन्हा दाबून गिअर. प्रत्येक बदलाला पाय दोनदा खाली जाई, दोनदा वर येई, आणि काम झाले की पेडलपासून पार बाजूला होऊन जमिनीवर टेके. अगदी सपाट, टाचेसकट. वाघजाईच्या देवळाच्या अलीकडे चढ अंगावर येतो, तिथे समोरून ट्रक आला की बाबा गाडी थांबवत, हँडब्रेक लावत, न्यूट्रल करत आणि दोन्ही पाय मोकळे सोडून ट्रक जाईपर्यंत शांत बसत. पंचावन्न माणसे, त्यांची बोचकी आणि टपावरची पोती धरून ती गाडी त्या चढावर केवळ ब्रेकवर उभी असे. मी एकदा विचारले होते की क्लच थोडा सोडून धरला तर गाडी मागे जाणार नाही ना, मग तसे का करत नाही. ते म्हणाले, "उंबऱ्यात उभं राहू नये. आत तरी जावं, नाहीतर बाहेर तरी व्हावं." आजी आम्हाला तिन्हीसांजेला उंबऱ्यावरून उठवताना हेच म्हणत असे, त्यामुळे मला ते क्लचबद्दल बोलतात की घराबद्दल, हे त्या वयात नीटसे कळले नव्हते.

सर्व्हिस सेंटरचा अंदाज ऐकून मी गाडी तिथून काढली आणि धायरी फाट्याजवळच्या एका छोट्या गॅरेजात दिली. गॅरेजवाले माझ्याच वयाचे असतील, बोलणे मोजके. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बोलावून घेतले तेव्हा गिअरबॉक्स उतरवून टायरवर ठेवलेला होता आणि क्लच प्लेट वर्तमानपत्रावर मांडून ठेवली होती. मी ती उचलली. जेवणाच्या ताटापेक्षा लहान, जेमतेम एकोणीस सेंटीमीटर व्यासाची चकती, मध्ये चार जाड स्प्रिंगा, आणि दोन्ही अंगांना चिकटवल्यासारखे दिसणारे पण खरे तर रिवेट मारलेले काळपट अस्तर. नव्या प्लेटच्या अस्तरावर केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या खाचा असतात. माझ्या प्लेटवर त्यांचा मागमूस नव्हता. पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत झाला होता आणि त्यात पितळी रिवेटांची डोकी घासून सोन्यासारखी चमकत होती. नवे किट शेजारीच उघडे होते. गॅरेजवाल्यांनी त्यातल्या प्लेटवर नख टेकवून दाखवले: रिवेटच्या डोक्यावर अस्तराची उंची सव्वा मिलिमीटरच्या आसपास. क्लचचे सारे आयुष्य त्या सव्वा मिलिमीटरमध्ये असते. कोणी ते लाखभर किलोमीटर पुरवून वापरतो. आमच्याकडे ते बावीस हजारांत संपले होते.

त्यांनी मग मला आत वाकून फ्लायव्हील, म्हणजे प्लेट जिच्यावर दाबली जाते ती इंजिनाबरोबर फिरणारी जाड चकती, बघायला लावले. लोखंडाच्या त्या करड्या वर्तुळावर निळसर-जांभळे डाग उमटले होते आणि डागांच्या मध्ये केसासारख्या बारीक भेगा होत्या. तापवलेल्या पोलादावर निळा रंग यायला साधारण ३०० अंश सेल्सिअस लागतात, एवढे मला शाळेच्या कार्यशाळेतून आठवत होते. त्यांनी इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलच्या कडेवरून बोट फिरवले आणि कोरडे बोट मला दाखवले. "सील गळत असतं तर तेल प्लेटवर आलं असतं, मग दोष गाडीचा. केबलचा प्लेही बघितला, तोही अगदीच बिघडलेला नव्हता. हे घासून गेलंय, साहेब. अर्धवट धरून धरून." एवढे बोलून ते चालकाच्या दारापाशी गेले आणि खाली बोट दाखवले. क्लचच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा पुसून ते गोट्यासारखे झाले होते. त्याच्या डावीकडे पाय टेकवायला जी तिरकी पट्टी असते, तिच्यावर धुळीचा अखंड थर होता. नव्या गाडीच्या प्लास्टिकचा खडबडीतपणा तिच्यावर तसाच शाबूत होता. तीन वर्षांत तिथे कोणाचा पाय फार टेकलाच नव्हता.

"ऑफिसला रोज कोण नेतं?" त्यांनी विचारले.

धायरीहून नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बालेवाडी आणि मग हिंजवडी. जायला चोवीस किलोमीटर, यायला चोवीस, आठवड्यातून तीन दिवस. बाबांची मंडई आणि आईचा दवाखाना मिळून त्या बावीस हजारांतले फार तर दोन हजार त्यांच्या वाट्याला आले असतील. हा हिशेब मला काउंटरवर उभा असतानाही करता आला असता. तो अवघड नव्हता. मी केला नाही, कारण समोरच्या तरुणाच्या चेहऱ्यावर मला एक तयार उत्तर दिसत होते आणि त्यात माझी सुटका होती.

त्या रात्री मी वही घेऊन बसलो. क्लच म्हणजे फिरणारे इंजिन आणि थांबलेली चाके यांची गाठ घालणारी जागा. दोघांचे वेग जुळेपर्यंत मधल्या अस्तराला घसरावेच लागते, आणि घसरताना जी उष्णता निर्माण होते ती त्यालाच सोसावी लागते. सपाट रस्त्यावर गाडी थांबलेल्या स्थितीतून उचलताना, ढोबळ मानाने, जेवढी ऊर्जा गाडीला वेग देण्यात जाते तेवढीच क्लचमध्ये जळते. माणसांसह तेराशे किलोची गाडी ताशी पंधरा किलोमीटरपर्यंत न्यायची तर हे सुमारे अकरा किलोज्यूल झाले. दीड-दोन सेकंदांचे काम, त्यासाठीच क्लच बनवलेला असतो. पण चढावर गाडी मागे सरू नये म्हणून ती अर्ध्या क्लचवर तोलून धरली तर गाडी जागची हलत नाही आणि इंजिन जेवढी शक्ती देईल ती सगळीच्या सगळी अस्तरात उष्णता होऊन उतरते. आमच्या इमारतीच्या तळघरातून वर येणारा रॅम्प साधारण साताला एक अशा चढाचा आहे. पहिला गिअर आणि इंजिनाचे दीड हजार फेरे धरून आकडा काढला तो सहा किलोवॅटच्या जवळ गेला. न्हाणीघरातले दोन किलोवॅटचे तीन गिझर एकाच वेळी चालू करावेत, आणि ती सगळी धग एका ताटलीएवढ्या बंद जागेत कोंडावी, तसे हे आहे. पाच सेकंद असे थांबले की सुमारे तीन वेळा गाडी उचलल्याइतकी उष्णता होते. मी मात्र रोज सकाळी त्या रॅम्पच्या माथ्यावर फाटकातून बाहेर पडायला जागा मिळेपर्यंत, हातातल्या हँडब्रेककडे न बघता, पंधरा-वीस सेकंद गाडी क्लचवर झुलवत उभा असे. मला त्यात कौशल्य वाटे. गाडी इंचभरही मागे जात नाही, इंचभरही पुढे जात नाही, याचा चक्क अभिमान वाटे.

ही सवय कुठून आली, हे आठवायला वेळ लागला नाही. मी सव्विसाव्या वर्षी एका मोटर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो. पंधरा दिवस, रोज अर्धा तास. शिकवणाऱ्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होते आणि त्यांच्या तोंडी दिवसभर एकच मंत्र होता: "हाफ क्लच, हाफ क्लच, सोडू नका, बंद पडेल." गाडी बंद पडणे हा त्या पंधरा दिवसांतला सर्वांत मोठा गुन्हा होता. चौकात बंद पडली की मागची सारी पुणेकर मंडळी एकाच वेळी हॉर्नवर हात ठेवत आणि माझ्या कानशिलातून घाम ओघळे. त्या भीतीने डावा पाय पेडलवर जाऊन जो चिकटला तो परीक्षेनंतरही सुटला नाही. आरटीओत आठचा आकडा काढून दाखवला, परवाना मिळाला, आणि शिकणे तिथेच थांबले. हाफ क्लच हा गाडी उचलण्याचा क्षण आहे, गाडी चालवण्याची पद्धत नाही, हे मला त्या पंधरा दिवसांत कोणी सांगितले नाही. सांगू शकणारा माणूस घरातच होता, पण तो आठवड्यातल्या चार रात्री मुक्कामी असे आणि घरी असे तेव्हा झोपलेला असे.

यात गाडीचा वाटा नाही, असे मला वाटत नाही. एसटीचा क्लच दाबायला मांडीतला जोर लागे. बाबांच्या डाव्या गुडघ्याची आजची अवस्था त्याचीच देणगी आहे. तो पेडल पायाला उंबऱ्यावर रेंगाळूच देत नसे, थोडा वेळ धरला तर मांडी थरथरू लागे. आताचे क्लच लोण्यासारखे हलके असतात. तो हलकेपणा विकतानाची मोठी सोय म्हणून सांगितला जातो आणि वाहतुकीत तो सुखाचाही असतो, पण पेडलवर विसावलेल्या पायाचे वजन त्याला कळते. त्या वजनाने क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग सतत फिरत राहते, प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची पकड किंचित सैल होते आणि चढावर किंवा भरल्या गाडीत प्लेट चालकाच्या नकळत घसरू लागते. शिवाय छोटे इंजिन, पाच माणसे, चालू एसी आणि नवले पुलाखालची मुंगीच्या पावलांची रांग. दर दहा फुटांना गाडी उचलायची, दर दहा फुटांना थांबवायची. पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचे अंतर पडू देऊन मग एकदाच सरकावे, तर मधल्या फटीत रिक्षा येऊन बसते. हे सगळे खरे आहे. काउंटरवरच्या तरुणानेही गिअरबॉक्स न उतरवता, सील न पाहता, केवळ आकडा आणि एक केस पांढरे झालेला माणूस पाहून निकाल दिला, हेही खरे आहे, आणि त्याचा मला राग आहे. गळके सील, घट्ट झालेली केबल, कमकुवत स्प्रिंग यांनीही क्लच अकाली जातो आणि तेव्हा ग्राहकाला त्याच दोन शब्दांनी परत पाठवतात: चालवण्याची सवय. निदान उघडून पाहिल्यानंतर तरी हे शब्द वापरावेत. पण वयाचा धागा त्याच्या हातात मी दिला होता. त्याने तो फक्त ओढला.

क्लच किट, फ्लायव्हीलला दिलेला हात आणि मजुरी धरून तेरा हजार रुपये झाले. मी जुनी प्लेट मागून घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली. बाबा गॅलरीत बसले होते. मी ती त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, अंगठ्याने रिवेट चाचपले, प्लेट उलटी करून दुसरी बाजू पाहिली, नाकाशी नेऊन वास घेतला. मी म्हणालो, "बाबा, हा माझ्यामुळे गेला. तिथे मी तुमचं नाव घ्यायला नको होतं." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. खाली कोणीतरी रॅम्पवरून गाडी वर आणत होते आणि इंजिनाचा तो ताणलेला, अडकलेला आवाज भिंतींवर घुमत होता. "असू दे," ते म्हणाले. आणि मग, प्लेट पुन्हा कागदात गुंडाळता गुंडाळता, "तुला शिकवायला पाहिजे होतं मी. राहूनच गेलं." मी क्षमा मागायला गेलो होतो आणि त्यांनी ती चूक उचलून स्वतःच्या खात्यात घातली. मला हलके वाटायला हवे होते. तसे वाटले नाही.

त्यानंतर मी रॅम्पवर हँडब्रेक लावू लागलो. पहिले काही दिवस पाय वेड्यासारखा पेडलकडे जाई. त्याला दर वेळी उचलून त्या धुळकट पट्टीवर ठेवावे लागे, एखाद्या मुलाला उंबऱ्यावरून उठवावे तसे. नवा क्लच खाली पकडतो, त्यामुळे दोनदा फाटकातच गाडी बंद पडली. मागचा माणूस हॉर्न वाजवत राहिला आणि मी किल्ली फिरवून पुन्हा चालू केली. किल्लीवरून आठवले: खुंटीवरची दुसरी किल्ली मी दोन-तीनदा बाबांपुढे धरली. "गुडघा दुखतो," ते म्हणाले. तो दुखतो हे खरे आहे. तो पूर्वीही दुखत होता.

दिवाळीनंतर भोरला एका लग्नाला गेलो होतो. आई आणि बायको तिथेच थांबल्या, म्हणून मी बाबांना म्हटले, घाटापर्यंत जाऊन येऊ. नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने रस्ता जातो. पाणी काठोकाठ होते आणि उन्हात गवत वाळून पिवळे पडायला लागले होते. वाटेत मी पुन्हा विचारले, "तुम्ही घेता का?" ते म्हणाले, "तूच चालव. मी बघतो." वाघजाईपाशी चहा घेतला, भजी खाल्ली. परतीच्या वाटेवर एका अरुंद वळणापुढे, चढावर, समोरून ट्रक आला. मी थांबलो, हँडब्रेक ओढला, न्यूट्रल केले. ट्रक जाईपर्यंत गाडीत काहीच आवाज नव्हता. मग पहिला गिअर टाकताना सहज माझी नजर डावीकडे खाली गेली. बाबा काचेबाहेर दरीकडे बघत होते. त्यांचा डावा पाय चटईवर, जिथे काहीच नव्हते तिथे, हळूच दाबला गेला. गाडी उचलली तसा तो सावकाश वर आला, बाजूला झाला आणि टाचेसकट सपाट टेकला. दुसऱ्या गिअरला पुन्हा तसेच. भोरच्या पुलापर्यंत तो पाय माझ्या प्रत्येक गिअरबरोबर खाली जात राहिला आणि दर वेळी पूर्ण सुटत राहिला.